जगदेवीची तहान

रविवार, १५ मार्च १९३१. पहाटे जगदेवीला घेऊन मोटारीने तलावाला वळसा घालायला निघाले. बरोबर मायाप्पा. बेटावर स्नान, पूजा. ऊन फार. वाटेत चाक बसले. दिवेलागणीला परत. जगदेवी सुखरूप.

दाक्षायणीची रोजनिशी अशीच असायची, कोरडी आणि नेमकी. पुण्याच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी लावलेली ही सवय लग्न होऊन सोलापुरात आल्यावरही सुटली नव्हती. पण ‘सुखरूप’ हा एक शब्द लिहायला मिळावा म्हणून त्या दिवशी तिचा जीव किती टांगणीला लागला होता, ते त्या पानावर कुठेच नाही.

बेत तिचाच होता. जगदेवी तिची अक्कलकोटची बालमैत्रीण, आता दोन घरे पलीकडे नांदणारी. दोनदा पोट राहून गेले होते आणि आता सहावा महिना लागला होता. तिच्या सासूबाई तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नव्हत्या. बसून बसून पोरीचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला, तेव्हा दाक्षायणीने आपल्या घरची मोटार मागून घेतली आणि सासूबाईंची मनधरणी केली. सासूबाई हो म्हणाल्या, पण दारात उभ्या राहून एवढेच बोलल्या, “जशी नेताय तशी आणा.”

बेट म्हणजे तलावातले एक टेकाड. त्यावर करंजाची चार झाडे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की एका अंगाने वाळूची वाट उघडी पडे. दोघी तिथे गेल्या, न्हाल्या, गळ्यातली इष्टलिंगे तळहातावर घेऊन पूजा केली. तीन बाजूंना निळे पाणी आणि वर बगळ्यांची रांग. जगदेवी कितीतरी दिवसांनी हसली. मग एकाएकी तिला मळमळून आले, खाल्लेली दशमी पडून गेली. दाक्षायणी घाबरली. तिने आणि ड्रायव्हर मायाप्पाने तिला दोन्ही बाजूंनी धरून मोटारीत आणले आणि सावली शोधत गाडी पुढे काढली.

तलावाच्या पलीकडच्या अंगाला पोचेपर्यंत ऊन चढले होते. दाक्षायणीने तांब्या पुढे केला. पाणी घेण्याआधी जगदेवीचा हात सवयीने गळ्याशी गेला आणि तिथेच थांबला.

“दाक्षे,” ती हळूच म्हणाली, “माझं लिंग नाही गं.”

पूजेनंतर दोरा तुटला होता. लिंग रेशमी वस्त्रात गुंडाळून तिने करंजाच्या मुळाशी स्वच्छ वाळूवर ठेवले होते, पदराच्या काठाचा धागा काढून बांधावे म्हणून. तेवढ्यात मळमळ उठली, आणि तिघांच्याही ध्यानातून ते गेले. लिंगायताचे लिंग अंगावेगळे होत नाही. झालेच, तर ते परत हाती येऊन पूजा होईपर्यंत अन्न नाही आणि पाणीही नाही.

“मायाप्पा, गाडी फिरव!”

“फिरवतो अक्का, पन जोरात न्हाई जमायचं. गचके बसत्याल.”

बैलगाडीच्या चाकोऱ्यांतून मोटार रांगत निघाली. जगदेवीचे ओठ सुकत चालले होते. दाक्षायणीने ओला पदर तिच्या कपाळावर ठेवला.

“दोन घोट घे. पोटातल्या जिवासाठी घे. देव काय रागावणार आहे?”

“तुझ्या सिस्टरांचा देव नसेल रागावत.”

“बरं, मग माझं लिंग घे हातात. पूजा कर आणि पाणी पी.”

अशा अवस्थेतही जगदेवीने डोळे वटारले. “उद्या म्हणशील, माझा नवरा घे!”

मायाप्पाने हसू दाबायला खोकल्याचे सोंग केले. दाक्षायणीला मात्र हसू आले नाही. गावात मठात जाऊन स्वामींकडून दुसरे लिंग घ्यावे, तर गाव बेटापेक्षाही दूर. आणि बेटावर ते नसलेच तर? कावळ्याने उचलले असेल तर? सासूबाईंचे शब्द तिच्या कानात घुमत होते. जगदेवीचा एकेक श्वास ती ऐकत होती.

बेट दिसू लागले आणि हवा जाऊन चाक बसले. मायाप्पाने खाली उतरून पाहिले. “येळ लागंल अक्का. रस्त्यानं गेलं तर अजून मोठा वळसा हाय.”

समोर मात्र तलावाचा सुकलेला गाळ सरळ बेटापर्यंत पसरला होता. जगदेवीला बाभळीच्या सावलीत बसवून दाक्षायणीने चपला काढल्या आणि ती निघाली. वरून भेगाळलेला गाळ आत ओला होता. पाय घोट्यापर्यंत रुतत होता. मागे वळून पाहायची तिला भीती वाटत होती.

करंजाखाली एक धनगरीण बसली होती. तिच्यासमोर वाळूवर वेताची पाटी पालथी घातलेली, पाटीवर दगड. शेळ्या पार पाण्याकडे पांगल्या होत्या आणि ती बसल्या जागेवरूनच त्यांना शिव्या देत होती.

“इथं रेशमी पुरचुंडी…” दाक्षायणी धापा टाकत म्हणाली.

“हाय की पाटीखाली. कावळा टोचा मारत हुता.” बाईने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. “पन तुमच्या गळ्यात तुमचं हाय. ह्यो कुनाचा?”

“माझ्या मैत्रिणीचा. पोटुशी आहे, तिला चक्कर येतेय.”

“मग उचलायचा कसा? मी न्हाय हात लावला. लिंगायताचा देव, आमी कसं शिवावं? म्हनून तर बसले हितं सकाळधरनं.”

आपण तरी कसे शिवावे? दुसऱ्याचे लिंग हाताळायचे नाही, हे दाक्षायणीच्या हाडीमाशी भिनले होते. कॉन्व्हेंटातली वर्षे त्यावरून पुसटशी सरकून गेली होती, एवढेच. ती गुडघ्यांवर बसली, दगड काढला, पाटी सुलटी केली आणि दोन्ही हात खोल वाळूत घालून वाळूसकट पुरचुंडी उचलून पाटीत ठेवली. वाळू झरत होती, पण पुरचुंडी मधोमध राहिली.

“द्या डोस्क्यावर माझ्या,” बाई म्हणाली. “तुमी पडशिला.”

“नाही. मीच नेते.”

“मग मी म्होरं चालते. माझ्या पावलात पाय टाका.” आणि चालता चालता ती पुटपुटली, “मोटारीत बसली की मानसं देव बी इसरत्यात.”

तिचे नाव फुलाबाई. शेळ्या वाऱ्यावर सोडून ती गाळातून पुढे चालत राहिली. जन्मात कधी डोक्यावर ओझे न घेतलेली दाक्षायणी दोन्ही हातांनी पाटी धरून तिच्या मागोमाग गेली.

बाभळीखाली जगदेवी खोडाला टेकून डोळे मिटून पडली होती. मायाप्पा टोपीने वारा घालत होता. पाटी समोर ठेवताच तिने डोळे उघडले. वाळू बाजूला सारून तिने पुरचुंडी उचलली, लिंग डाव्या तळहातावर घेतले, भस्म नव्हते म्हणून त्यावर पाण्याचे चार थेंब सोडले. किती वेळ ती तशी बसली कोण जाणे. दाक्षायणीला तो वेळ सोसवेना. ती फुलाबाईचा हात घट्ट धरून उभी होती.

मग जगदेवीने तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

“सावकाश गं!”

जगदेवीने पोटावर हात ठेवला. थोड्या वेळाने दाक्षायणीचाही हात ओढून तिथे ठेवला. “लाथा मारतंय. रागावलंय आपल्यावर.”

“माज्या शेळ्या बी रागावल्या आसत्याल,” असे म्हणून फुलाबाई पाटी झटकत निघूनही गेली.

दिवेलागणीला सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सुनेचा चेहरा दिव्याजवळ नेऊन पाहिला, दाक्षायणीचे चिखलाने माखलेले पाय पाहिले, आणि तिच्या पायांवर घागरभर पाणी ओतले.

घरी येऊन दाक्षायणीने रोजनिशी लिहिली. ‘सुखरूप’ लिहून झाल्यावर तिने टाक पुन्हा शाईत बुडवला. मग तिने खाली आणखी एक ओळ लिहिली: रात्री मुगाची खिचडी केली. तूप संपले.