आरतीला रडणारी लेक

माझी लेक मुक्ता पाच वर्षांची झाली तरी उभी राहत नव्हती. जन्मली तेव्हा रडलीच नाही, मेंदूला इजा झाली, तेव्हापासून पाय ताठ. आदिलाबादला फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला घरचा व्यायाम शिकवला. गुडघा सरळ करायचा, मनात आकडे मोजत धरून ठेवायचा, मग सोडायचा. "चालंन का हो माही पोरगी?" मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ताई, चालणं अवघड आहे. पण हे केलं नाही तर पाय आखडतील, बसणंही जाईल." त्या दिवशी मी देवीवर रुसले. पण रुसून जाणार कुठं?

कापूस वेचून आले की संध्याकाळी व्यायाम. पोर रडायची आणि माझे आकडे चुकायचे. म्हणून आकड्यांऐवजी मी देवीची आरती म्हणू लागले, एका कडव्याला एक पाय. वाटलं, व्यायामही होतो आणि देवीच्या कानीही पडतं.

नवरात्रात तिला घेऊन गावच्या देवळात गेले. आरती सुरू झाली आणि मुक्तानं पाय आखडून घेतले. "आई, नको," म्हणत ती माझेच हात ढकलू लागली. सासूबाई म्हणाल्या, "कोनाची नजर लागली वं पोरीले?" नजर कसली! मला कळलं आणि जीव अर्धा झाला. आरती म्हणजे दुखणं, हे मीच तिला शिकवलं होतं. देवीची आणि माझी, दोघींची तिला धास्ती बसली होती.

बाहेर निघाले तर शेजारी बसलेल्या एका म्हातारीनं माझा पदर धरला. मंचेरियलहून कुणाकडे पाहुणी आलेली, तेलुगूच बोलायची, मराठी येत नव्हतं. तिनं मुक्ताला मांडीवर घेतलं. "भयपडकु तल्ली," घाबरू नको बाई, एवढंच म्हणाली आणि तिच्या पायांचे तळवे नुसते हातात धरून बसली. आरती संपेस्तोवर पोरीचं अंग सैल पडलं. मला रडू आवरेना. प्रसाद घेऊन वळले तर म्हातारी गेली होती. देवीनंच पाठवली असं मी मानते. कुणाला हसायचं तर हसो.

आता व्यायाम आकडे मोजूनच करते, चुकले तर पुन्हा मोजते. आरतीच्या वेळी फक्त तिचे पाय हातात घेते. अजूनही कधी ती अंग चोरते, मग मी आरती मनातच म्हणते. मॅडमचं खरं आहे, ती चालणार नाही. हे लिहितानाही आतडं तुटतं. इतकी वर्षं देवीपुढं तिचे पाय मागितले. आता माझा हात जवळ आला की लेकीनं दचकू नये, एवढंच मागते.