उत्तराची मुदत

स्फाक्स शहरात बाब दिवान वेशीच्या आतल्या गल्लीत मुंजी कम्मूनचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. कॉलेजचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. पण लिनक्सवर चालणारी संगणकाची मशिनं सांभाळणाऱ्यांना सोपं जावं म्हणून त्यानं एक साधन लिहिलं आणि फुकट वाटलं. फायलींशी डोकेफोड नको. रकाने भरा, बटण दाबा, मशीन तयार. 'फुकटचं म्हणजे कसंबसं' असं कुणी म्हणालं की त्याचा पारा चढे. "कंपनीवाल्यांचं साधन छप्पन्न प्रश्न विचारतं," तो म्हणे. "माझं माणसाला छळत नाही."

रक्तपेढीचे संगणक पाहणारी सिहेम फुराती हेच साधन वापरायची. नावावरून मशीनचा पत्ता सांगणारा जो सर्व्हर असतो, त्याची नवी आवृत्ती तिला घालायची होती. मुंजीचं साधन फक्त जुनी ओळखायचं.

"सी मुंजी," ती आदरानं म्हणाली, "पेढी नव्या इमारतीत जातेय. त्याआधी सोय करा, नाहीतर मी दुसरं काही बघते."

'दुसरं बघते' मुंजीला झोंबलं. दुकानातले टीव्ही बाजूला सारून तो कामाला बसला. नवा सर्व्हर भलता हट्टी निघाला. मिळालेला पत्ता विचारणाऱ्यानं किती काळ लक्षात ठेवायचा, हे लिहिलं नसलं तरी जुना चालवून घ्यायचा. नवा म्हणे, मुदत लिहा, नाहीतर फाइल परत न्या. मुंजीनं पळवाट काढली. रकाना रिकामा दिसला की साधनानं गुपचूप 'एक आठवडा' लिहायचं. सर्व्हर खूश, सिहेमही खूश.

मग पेढी हलली. सिहेमनं पत्ता बदलला, पण गावोगावच्या दवाखान्यांची मशिनं जुनाच पत्ता घोकत राहिली. रक्त शिल्लक आहे का, या प्रश्नाला उत्तर येईना. फोनवर फोन. सिहेम तडक दुकानात आली.

"मुदत मी लिहिली नव्हती. कुणी लिहिली?"

"साधनानं. म्हणजे... मीच. आठवडा."

"आठवडा! मला विचारलं असतं तर हलायच्या आधीच मी ती पाच मिनिटांवर आणली असती."

"लल्ला सिहेम," मुंजी अदबीनं म्हणाला, "तुम्हाला त्रास नको म्हणून—"

"माझा पत्ता किती दिवस खरा, हे तुम्ही ठरवणार? नवऱ्यानं असं केलं असतं ना, तर त्याचा पत्ता बदलला असता!"

मुंजी उपाय शोधायला बसला.

दुसऱ्यांच्या मशिनांतला जुना पत्ता इथून पुसता येत नव्हता. एकच उपाय होता: जुन्या जागी एक मशीन ठेवायचं, आलेला प्रश्न तिथून नव्या जागी पाठवायचा. तिथली इंटरनेटची तार अजून कापली नव्हती, पण जागा सालाह मसमूदीच्या फर्निचरच्या दुकानाला गेली होती. कुणाकडे शब्द न टाकणारा मुंजी मशीन कवटाळून त्याच्या दारात उभा राहिला.

"हे आठवडाभर इथे गुरगुरत बसणार? कशासाठी?"

"लोक अजून जुन्या पत्त्यावर येतायत, काका. चूक माझीय."

म्हातारा सालाह खदखदून हसला. "अरे, मग सरळ सांग ना! माझ्या जुन्या दुकानाच्या दारात मी मेहुण्याला खुर्ची टाकून बसवलंय. गिऱ्हाईक आलं की इकडे धाडतो. दिवसभर बदाम घातलेला चहा ढोसतो मेला. तुझं हे चहा तरी पीत नाही. ठेव त्या कपाटामागे."

दुपारपर्यंत दवाखान्यांना उत्तरं जायला लागली.

दुकानात परतून मुंजीनं 'आठवडा'ची ओळ खोडली. त्या जागी 'पाच मिनिटं' लिहिलं आणि थबकला. हेही त्याच्याच मनचं. ज्यांची तार कमजोर, त्यांची मशिनं सारखी विचारून बेजार होतील. त्यानं तेही खोडलं. रकाना रिकामाच ठेवला. तो भरल्याशिवाय साधन पुढे जाईना.

नवी आवृत्ती सिहेमनं त्याच्यासमोरच चालवली. बटण दाबलं, मुदतीच्या रकान्याशी साधन अडलं.

"किती लिहू, सी मुंजी?"

आकडा त्याच्या ओठांवर आला होता. "तुमची पेढी पुन्हा कधी हलणार, ते मला काय ठाऊक?" तो म्हणाला.

सिहेमनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, जरा विचार केला आणि 'एक दिवस' लिहिलं.