रासमुसेनची खुर्ची

वेंडेल होलुब भित्रा आहे, हे फक्त त्याच्या आईला ठाऊक होतं. बाकी साऱ्या अमेरिकेला तो छातीचा वाटला. लोकांचं काय, लोक चेंडूचा वेग बघतात.

नेब्रास्कातल्या कॉलेजात तो बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता. एप्रिलच्या एका गारठलेल्या दुपारी चेंडू त्याच्या बोटांतून निसटला आणि पाहुण्या संघाच्या लायल रासमुसेनच्या तोंडावर बसला. लायलचा डावा डोळा गेला. वेंडेल इस्पितळात गेला, खोलीच्या दाराशी उभा राहिला आणि आत न शिरताच परतला. त्यानंतर बॅटरच्या अंगाकडे चेंडू टाकणं त्याने सोडूनच दिलं. प्रत्येक चेंडू बॅटरपासून लांब, बाहेरच्या कडेला. त्या कडेवर त्याचा हात असा बसला की, उशिरा का होईना, एका मोठ्या संघाने त्याला उचललं.

पुढची सात वर्षं त्या संघाच्या खालच्या, शिकाऊ संघांतून, बसमध्ये गेली. छोटी गावं, छोट्या लीग, प्रवासात थंडगार सँडविच. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार ठरलेला: आज निसटला तर? बोलायची सोय नव्हती. घाबरलेल्या पिचरला कोणी ठेवून घेत नाही.

सत्ताविसाव्या वर्षी मेजर लीगचं, म्हणजे सगळ्यांत वरच्या पातळीवर खेळायचं, बोलावणं आलं. घरच्या माणसांसाठी दोन तिकिटं मिळाली. एक आईला दिलं. दुसरं त्याने लायलला पाठवलं, तो येणार नाही या खात्रीने. लायल आला. बॅटर उभा राहतो त्या प्लेटच्या मागे, तिसऱ्या रांगेत, आईच्या शेजारी, काळा चष्मा लावून बसला.

तिसऱ्या डावात समोरच्या पिचरने वेंडेलच्या संघातल्या डेल्गाडोच्या बरगडीत चेंडू घातला. संघाच्या बाकावरच्या सगळ्यांनी वेंडेलकडे पाहिलं. आपल्या माणसाला लागलं की आपल्या पिचरने त्यांच्या एकाला लगावायचा, कमरेखाली. ही रीत कुठे लिहिलेली नाही आणि नवख्याला तर तिच्यातून सुटका नाहीच.

मैदानात जाताना रिगो, बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा त्यांचा कॅचर, त्याच्या बाजूने चालू लागला. नेब्रास्कात मका फार, म्हणून तो वेंडेलला कणीसच म्हणायचा.

"कणसा, त्यांच्या पहिल्या बॅटरला, पहिलाच चेंडू. मांडीवर."

"मला नाही जमायचं, रिगो."

"न जमायला काय झालं? केवढी मोठी मांडी आहे त्याची."

"डोक्याला लागला तर?"

रिगोने मुखवटा वर सरकवला. "नाही मारलास तर उद्या डेल्गाडो तुझ्या शेजारी जेवायला बसणार नाही. कोणीच बसणार नाही. परत बसमध्ये जायचंय का? नाही ना? मग गप मार."

वेंडेलचा तळहात घामाने चिंब झाला होता. त्याने मांडीवर नेम धरला आणि चेंडू निसटला. थेट डोक्याकडे गेला. बॅटर आडवा झाला, हेल्मेट गडगडत लांब गेलं.

मग बॅटर उठला. वाचला होता. धूळ झटकून त्याने वेंडेलकडे डोळे वटारले. बाकावरून टाळ्या आल्या.

"मांडी म्हटलं होतं, लेका," रिगो हसत म्हणाला, "तू तर त्याचा मुडदाच पाडत होतास. वाघ आहेस."

निसटला, हे वेंडेलला सांगता आलं नाही. त्याने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. लायल उभा होता, तळहात चष्म्यावर दाबून. आई त्याची बाही धरून काहीतरी सांगत होती. त्याने बाही सोडवून घेतली आणि पायऱ्या चढून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी डेल्गाडो ताट घेऊन वेंडेलच्या शेजारी येऊन बसला.

वेंडेल मेजर लीगमध्ये अकरा वर्षं टिकला. त्या एका चेंडूच्या धास्तीने त्याच्यासमोर बॅटर प्लेटपासून वीतभर लांब उभे राहायचे, त्यामुळे बाहेरच्या कडेचा चेंडू त्यांच्या हाती लागेना. अंगाकडे टाकायची वेळच आली नाही. पेपरवाल्यांनी त्याला निडर ठरवलं.

घरच्या प्रत्येक सामन्याला तो लायलच्या नावाचं तिकीट ठेवायचा आणि पहिला चेंडू टाकण्याआधी तिसऱ्या रांगेकडे बघायचा. खुर्ची रिकामी दिसली की त्याला वाईट वाटायचं. आणि मग, स्वतःचीच लाज वाटावी इतकं, हायसं वाटायचं.