वाघनख छाप बुटांची टंचाई

चहा येतोय, तोवर माझा एक मूर्खपणा ऐकून घ्या. हसायचं तर सुरुवातीलाच हसा. शेवटाकडे मला हसू येत नाही, मग तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल.

मी मुरबाडच्या एका कचेरीत कारकून, आणि आमच्या सापगावच्या कबड्डी मंडळाचा चिटणीस. मातीत खेळायचो तोवर बुटांचा प्रश्नच नव्हता. मग मॅट आली, मागोमाग बूट आले. आमचे गडी 'वाघनख छाप' वापरत. वापरत कसले, भक्ती करत! दुसऱ्या कंपनीचं नाव काढलं, की आमचा चढाईचा हुकमी गडी दत्तू म्हणायचा, "त्यापेक्षा अनवाणी खेळू, नाना."

एके दिवशी शहापूरच्या दुकानदाराने बॉम्ब टाकला. "वाघनखाचा माल येत नाय. कधी येईल ते सांगता येत नाय. शेवटचे सात जोड आहेत."

टंचाई! उभा जन्म कार्बन पेपर कुलपात ठेवलेला माणूस मी. अंगात संचारलंच! सातही उचलले. तडक मुरबाड गाठून तिथले पाच उचलले. सगळे मंडळाच्या लोखंडी कपाटात, किल्ली माझ्या खिशात. नियमही जाहीर केला: नवे बूट फक्त मोठ्या सामन्याला.

महिन्याभरात दत्तूचा जुना जोड फाटला.

"नाना, एक काढा ना."

"अर्ज कर."

"मस्करी करता काय?"

मी कसली मस्करी करतोय! त्याने वहीच्या पानावर खरोखर अर्ज लिहिला. मी त्यावर लाल शाईने शेरा मारला: 'स्टॉक मर्यादित. तूर्त विचार करता येत नाही.'

"मग चढाईला पण त्या कपाटालाच धाडा!" असं म्हणून दत्तू कल्याणला गेला आणि कुठल्याशा कंपनीचे बूट घेऊन आला. नाव धड वाचताही येत नव्हतं. चार दिवस पोरं त्याला हसली. पाचव्या दिवशी विचारू लागली, "दुकान कुठं रे?"

दिवाळीला शहापूरच्या दुकानात वाघनख पुन्हा आले. कोणी बघेना. दुकानदार मलाच म्हणाला, "नाना, तुमीच सगळे उचललेत, पोरं दुसरीकडं वळली. आता हे मी घालू काय?" दोन तालुक्यांतल्या टंचाईचं मुख्य कार्यालय आमच्या कपाटात होतं, हे तेव्हा कळलं. म्हणून मी शहाणा झालो? छे! कपाट तसंच बंद ठेवलं.

दोन पावसाळे गेले. मुरबाडला जिल्हा संघाची निवड होती. दत्तूचं नाव लागलं, तर एका कारखान्याच्या संघात त्याला नोकरी मिळणार होती. पुढच्या वर्षी तो वयात बसणार नव्हता. मोठा सामना म्हणतात तो हाच! मी कपाटातला एक खोका घेऊन हजर.

"नाना, हे कल्याणचे पायाला बसलेत आता."

"वाघनखाने तुला वर आणलं, आणि आज त्यालाच विसरलास?"

दत्तूने माझ्याकडे पाहिलं. वडीलधाऱ्याचा शब्द मोडणार कसा? कल्याणचे काढून त्याने वाघनख चढवले.

पहिली चढाई झकास. दुसरीत गडी टिपून तो गर्रकन वळला. दत्तू मधल्या रेषेकडे निघाला, बुटाचा तळवा मात्र तिकडेच चिकटून राहिला! दोन पावसाळ्यांच्या ओलीने डिंक केव्हाच मेला होता. पाय मुरगळला, पकड झाली, आणि संध्याकाळच्या यादीत दत्तूचं नाव नव्हतं.

तो बाकावर बसला होता. मी जवळ गेलो, तर त्याने तो सुटलेला तळवा माझ्या हातात दिला.

"हा जमा करून घ्या, नाना. स्टॉक मर्यादित आहे."

पुढे दत्तू खर्डी स्टेशनला रिक्षा चालवू लागला. मी कधीही उतरलो, तरी माझ्याकडून भाडं घेत नाही. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी निवृत्त झालो, तेव्हा तो घरी आला. हातात खोका. आत कल्याणचे बूट, माझ्या मापाचे.

"घाला."

"घालतो रे, सवडीने."

"सवडीनं नाय. आता. माझ्यासमोर."

घातले. आता खोटं कशाला बोलू, पायाला छान बसले. दत्तू समाधानाने उठला आणि रिकामा खोका काखेत मारून निघाला.

"अरे, खोका तरी राहू दे."

"नाय नाना," तो दारातून म्हणाला, "खोका दिसला, की तुमी कुलूप शोधाल."