घरात मराठी बंद

शाळेनं एवढंच सांगितलं होतं, की घरी रोज थोडं जर्मन वाचा. ‘थोडं’ हा शब्द मी ऐकलाच नाही. मी पहिल्या बाकावर बसणारी बाई. शिक्षकांनी बोटभर सांगितलं की हातभर करून दाखवायचं, ही जुनी खोड. त्यात ती ब्राउनश्वाइगमधली खाजगी शाळा. निम्मे तास जर्मनमधून, निम्मे इंग्लिशमधून, सकाळी आठ ते दुपारी चार, जेवणही तिथंच. लेकीला प्रवेश मिळाला होता, पण पहिले सहा महिने ‘प्रोबेत्साइट’, म्हणजे पारखून बघण्याचे. आणि दुसऱ्याच महिन्यात बाईंनी बोलावून सांगितलं, मुलगी वर्गात गप्प असते, बोललीच तर मधेच तिसऱ्याच भाषेतला शब्द घालते.

घरी येऊन मी फर्मान काढलं, आजपासून या घरात मराठी बंद.

नवरा म्हणाला, "अगं, डोकं फिरलंय का तुझं? मग आपण भांडायचं कशात?"

"माझ्याशी भांड मराठीत. तिच्याशी जर्मन."

तो वोल्फ्सबुर्गला नोकरीला, सकाळी सहाला बाहेर पडायचा. त्याचा विरोध तेवढ्यावरच संपला.

उपयोग मात्र झाला, खोटं कशाला बोलू? लेक सहा वर्षांची. "आई, पाणी दे ना गं" म्हणणारी ही पोर नाताळपर्यंत पाणीसुद्धा जर्मनमध्ये मागायला लागली. मराठीत बोललेलं तिला कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. प्रोबेत्साइट पार पडली त्या दिवशी मी शिरा केला. किती मिरवलं होतं मी तेव्हा! आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

सांगलीला बाबा एकटे होते. आई जाऊन वर्ष झालं होतं. फोनवर म्हणायचे, "दिवसभरात तोंडातून शब्द निघत नाही बघ." जेवणाचं तर विचारूच नका. डॉक्टरांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, यांना एकटं ठेवू नका, हे असंच चाललं तर फार दिवस काढायचे नाहीत. म्हणून एप्रिलमध्ये तीन महिन्यांच्या व्हिसावर त्यांना बोलावून घेतलं. माझ्या मनात होतं, तीन महिने माणसांत राहिले, दोन घास पोटात गेले की सावरतील. मग दरवर्षीच येतील.

विमानतळावर पिशवीभर भडंग घेऊन उतरले. एका कानानं कमी ऐकू यायचं आणि मशीन सांगलीच्या कपाटात. नातीला म्हणाले, "ओळखलंस का मला?" ती लाजून जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली. बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी सगळं समजावलं आणि वर बजावलंही, "तुम्ही बोला मराठीत, पण तिला मराठीत उत्तर द्यायला लावू नका. आत्ता कुठं गाडी रुळावर आलीय."

"बरं," म्हणाले. माझे बाबा असे, की लेकीच्या घरी पंखा लावायचा तरी विचारतील. ‘मी तुला जड होत नाही ना,’ हे मात्र मला कधी विचारलं नसतं. मी हो किंवा नाही काहीही म्हटलं तरी त्यांना ते खरं वाटलं नसतं.

आठवड्याभरानं आम्ही दोघं लेकीला आणायला शाळेत गेलो. परत येताना ट्रामच्या थांब्यावर बाबा आणि ती बाकावर बसले. मी जरा बाजूला घरमालकाशी फोनवर हीटिंगवरून वाद घालत होते. मान वळवली तर बाबा वाकून तिला काही विचारत होते आणि ती उड्या मारत ओरडत होती. बरं वाटलं. म्हटलं, जमलं एकदाचं दोघांचं.

त्याच दिवशी जेवताना बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ."

माझा तापटपणा जगजाहीर आहे. "का? काय कमी पडलं? जायचंच होतं तर आलात कशाला?"

"घर बंद आहे गं."

"मग जा! त्या घरालाच कवटाळून बसा!"

एकदाही विचारलं नाही, बाबा, झालं काय. रागारागात तिकीट बदललं. हॅनोवरच्या विमानतळावर त्यांना सोडायला गेले तेव्हाही मी तोंड फुगवूनच होते.

पुढच्या महिन्यात शाळेत ‘ओमा-ओपा-टाग’ होता, म्हणजे आजी-आजोबांना वर्गात बोलवायचा दिवस. बाई म्हणाल्या, तुमच्या मुलीनं शेजारची खुर्ची शेवटपर्यंत कुणाला बसू दिली नाही. मी घरी येऊन तिलाच रागावले, आजोबा सांगलीला परत गेलेत हे माहीत असताना हा हट्ट कशाला म्हणून.

जुलैमध्ये बाबा गेले. पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना सकाळी दिसले. फ्रीजमध्ये तीन दिवसांचं जेवण जसंच्या तसं होतं.

मी एकटीच सांगलीला गेले. दहाव्या दिवशी आत्या, बाबांची थोरली बहीण, भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुझ्या लेकीचं फार लागलं गं त्याला. राहावं का जावं, ते त्यानं तिच्यावर सोडलं होतं. गमतीनं विचारलं, ‘मग काय, येऊ का मी?’ वाटलं, गळ्यात पडेल, नका जाऊ म्हणेल. तर पोरगी म्हणाली, ‘या’. दारातून पाहुण्याला वाटेला लावतात तसं. वर ओरडून."

मी हातातली जुडी खाली ठेवली. ‘या’ म्हणजे जर्मनमध्ये हो. आमच्या घरात दिवसातून शंभर वेळा म्हटला जाणारा शब्द. बाबांना आम्ही आभाराचं ‘डांके’ शिकवलं, नमस्काराचं ‘गुटन टाग’ शिकवलं, पण ‘या’ शिकवायचं कुणाला सुचणार? आणि निघताना ‘जातो’ म्हणायचं नसतं, ‘येतो’ म्हणायचं, हे लेकीला कुणी शिकवायचं? मीच ना? मी तर दुकान बंद करून बसले होते.

परत आल्यावर लेकीला शाळेतून आणलं आणि त्याच थांब्यावर, त्याच बाकावर बसवलं. मराठीत विचारलं, "आजोबांनी तुला इथं काय विचारलं होतं गं?"

तिनं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी मराठीत बोलले म्हणून. मग जर्मनमध्ये म्हणाली, "येऊ का, असं विचारलं. ओमा-ओपा-टागला. मी हो म्हटलं."

"एकदाच म्हटलंस?"

"नाही, तीनदा. त्यांना ऐकू येत नाही ना, म्हणून मोठ्यांदा."