बुखाऱ्याच्या भिंतीवरची उष्टी रोटी

टाकानिनीच्या वन्सं, सर्दी पळाली का? रिकार्टनच्या भावजींचा गुडघा आता जिना चढू देतो ना? पुण्याच्या ताई, साखर आटोक्यात आहे की लग्नसराईने घात केला? बाकी वाचणारे तुम्ही सगळेही बरे असा. इकडे न्यूझीलंडात, हॅमिल्टनच्या रोटोटुनात माझं ठीक. ह्यांच्या बायपासला वर्ष झालं. अंग भरलं, पण तेव्हापासून माणूस उद्याचं काही बोलेना. लिंबाचं रोप लावू म्हटलं, तर "फळं कोण बघणार?" शेवटी डॉक्टरांना विचारून मीच बुखाऱ्याची तिकिटं काढली. लेक नर्स आहे, तिने औषधांच्या डब्या भरून दिल्या. "आई, बाबांना हीप्स चालवू नकोस, ओके?" हीप्स म्हणजे इकडच्या बोलीत खूप.

ऑकलंडहून विमानं बदलत ताश्कंद. न्यूझीलंडच्या पासपोर्टला व्हिसा लागला नाही; भारतीय असेल तर ई-व्हिसाचं आधी बघा. पुढे रेल्वे. वेगवान गाडीची तिकिटं भराभर संपतात, म्हणून आम्ही साध्या गाडीने कापसाची शेतं बघत गेलो. बुखाऱ्याच्या जुन्या शहरात, पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या दिलबरआपांच्या घरीच खोली घेतली. नाश्त्यासकट भाडं हॅमिल्टनच्या मोटेलच्या निम्म्याहून कमी. शाकाहारींनी घाबरू नये; भोपळ्याचा सामसा म्हणजे भट्टीत भाजलेला समोसा, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि तंदुरातली रोटी असली की पोटाची तक्रार नाही.

वाटा मिळतात तिथे घुमट, घुमटाखाली बाजार. बाहेर ऊन मी म्हणतं, आत माठातल्यासारखा गारवा. इथे उंटांचे तांडे यायचे, आपल्याकडचे व्यापारीही. हे पायरीवर टेकले आणि म्हणाले, "निघालेला माणूस परत येईल, हे घरच्यांनी कशावरून धरायचं?"

निघायच्या सकाळी आपांनी ताजी रोटी ह्यांच्यापुढे धरली. ह्यांनी रीतीने हाताने तुकडा मोडला. आपांनी मान हलवून दाताकडे बोट दाखवलं.

"अहो, उष्टी करायला सांगतायत," मी हळूच म्हटलं.

आपा फोनमध्ये बोलायच्या, फोन इंग्रजीत सांगायचा. प्रवासाला निघणाऱ्याने रोटीचा घास तोडायचा. ती भिंतीवर टांगतात, आणि परत येऊन त्यानेच ती संपवायची.

ह्यांनी रोटी खाली ठेवली. "मी काही परत येणार नाही, आपा. खोटा घास कशाला?"

फोनने ते त्यांच्या भाषेत सांगितलं तशा आपा हसल्या. "माझी सासू म्हातारपणी डोळ्याच्या ऑपरेशनला ताश्कंदला गेली, तीही हेच म्हणाली. आली, रोटी चहात बुडवून खाल्ली, वर मीठ कमी म्हणाली."

ह्यांना हसू फुटलं. रोटी उचलली आणि दाताने चांगला मोठा घास तोडला. म्हणाले, "खिळा जरा उंच ठोका. तुमची मांजर लबाड आहे."

घरी येऊन मिनार, मदरसे माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळू लागलेत. ती भिंत तेवढी लख्ख आहे. जन्मभर उष्ट्याला नाक मुरडलं, आणि आता परक्या घरी आमचं उष्टं कुणी जपतंय, याचंच बरं वाटतं.

हे समोर नकाशा पसरून बसलेत. विचारतायत, एप्रिलात जावं की ऑक्टोबरात? तिथला उन्हाळा झेपणार नाही म्हणतात. तुमच्यापैकी जे जाऊन आलेत त्यांनी लवकर लिहा हो, तिकिटं तेवढ्यासाठी अडलीयत.