खाचेतली लाल गाडी

काल मिक्सर जळाला आणि वितळत्या प्लॅस्टिकचा किळसवाणा वास घरभर पसरला. मला आमची लालबागची चाळ आठवली.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला तो हरताळाचा दिवस. गिरणी बंद म्हणून काका घरी होता. बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने आणलेली प्लॅस्टिकची लाल गाडी मी एकेक भाग चिकटवून जोडली होती. काकाने न विचारता तिचं बूड कापलं आणि आत विजेची छोटी मोटर बसवली. फळीला खाच पाडून दोन्ही बाजूंना तांब्याच्या पट्ट्या ठोकल्या, त्यांना सेल जोडले. गाडी खालची खीळ त्या खाचेत अडकवून, पट्ट्यांतली वीज घेत फळीवर धावणार होती.

काका चाळीतला कॅरमपटू. त्याने फळीवर कॅरमची पावडर भुरभुरवली.

“काका, चाकं घसरतील!”

“गप गो! सोंगटी कशी सुळकन जाते?”

चाकं जागच्या जागी गरगरली. काकाने आणखी सेल जोडले. मोटर तापली, धूर निघाला आणि गाडीचं टप वितळून खाली बसलं.

“मामाचा मालच हलका,” काका म्हणाला. घरातले सगळे हसले. फळी, पावडर तशीच टाकून तो उठला आणि आईने केरसुणी माझ्या हातात दिली.

तेव्हा मी गाडीसाठी रडले. आज शिसारी येते ती त्या केरसुणीची.